न उचललेला बेलभंडारा

बापू इंगवले पायातल्या चपलांसकट तालमीत शिरले. सिद्धोबा तालमीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, हा नियम खुद्द त्यांच्या वडिलांनी घातलेला. बापू आमचे अध्यक्ष. त्यांनी तो नियम कधी मोडल्याचं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते तसेच मारुतीसमोरच्या सतरंजीपर्यंत चालत आले आणि साठ-सत्तर माणसं सरकून त्यांना वाट देत गेली.

"दौलत," ते मला म्हणाले, "त्याला उभा कर. मी इचारतो ते त्याच्या भाषेत सांग, आणि तो बोलंल ते आमच्या भाषेत सांग. मधी तुझं शेपूट लावू नको."

तो म्हणजे व्हालेरियू, आमचा रोमानियाचा फॉरवर्ड. आदल्या दिवशी आम्ही फायनल हरलो होतो, एक-शून्य, आणि तीही चिंचतळ तालमीकडून. आमच्याकडं पेठापेठांतल्या तालमींचेच फुटबॉलचे संघ असतात, कोल्हापुराबाहेरच्या माणसाला हे सांगून कळायचं नाही. दुसऱ्या कुणाकडूनही हरा, चिंचतळाकडून नको. त्या दिवशी आमच्या पेठेत निम्म्या घरांत चूल पेटली नव्हती.

ही गोष्ट २००१ सालची. मी चोवीस वर्षांचा, व्हालेरियूच्या जोडीनं पुढं खेळायचो. आता गुडघे गेलेत, पोट सुटलंय, तरी पेठेत मला अजून 'दौलत फॉरवर्ड' म्हणून हाक मारतात. ती हाक मला नको वाटते. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

व्हालेरियू पितेश्ती नावाच्या गावचा. तिकडं सोळा वर्षं खेळला. एकशे बारा गोल, सगळे तारखेनिशी पाठ. एकदा, फक्त एकदाच, देशाच्या संघात निवड झाली. ऐंशी मिनिटं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला. मग कोचनं त्याला उठवून अंग गरम करायला लावलं, आणि परत बसवलं. "जर्सी घातलेली होती मी," तो मला सांगायचा. "पण वरून स्वेटर होता. नंबर कुणाला दिसलाच नाही." हे सांगताना तो हसायचा, आणि मला कळायचं नाही की आपण हसायचं की नाही.

छत्तिसाव्या वर्षी तिकडं त्याचा खेळ संपला. चार महिने भावाच्या दुकानात टायर विकले, एक गिऱ्हाईक टिकलं नाही. मग कुणा एजंटनं त्याला गोव्यात आणून सोडलं. तिथल्या क्लबनं वय बघून खेळाडू म्हणून नको म्हटलं, पण एक वाट दाखवली. एक हंगाम कुठंतरी नीट खेळ, त्या संघाचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र आण, आम्ही तुला आमच्या अकादमीत कोच म्हणून घेतो. त्या एका पत्रासाठी हा सदतीस वर्षांचा माणूस आमच्या तालमीच्या माडीवर सहा महिने राहिला.

आमच्यात तो पार मिसळला होता. जेवायला आमच्या घरी. भाकरी हातानं मोडायचा, तांबडा रस्सा पिऊन नाक पुसत परत वाटी पुढं करायचा. पेठेतल्या बायका त्याला वालेरराव म्हणायच्या. "जेवलास काय, वालेरराव?" "जेवलो की वैनी." एवढं मराठी त्याला पुष्कळ झालं. बाकी सगळं तो इंग्रजीत बोलायचा, तेही त्याच्या वळणाचं, तोंडातल्या तोंडात. ते माझ्याशिवाय कुणाला उमगायचं नाही, आणि मीही त्याच्याशी तसंच बोलायचो. मीही बारावी नापासच, पण सहा महिने रोज शेजारी धावल्यावर माणूस कळायला लागतो.

आता मॅचचं सांगतो, गॅलरीतून लोकांना दिसली तशी. पासष्टावं मिनिट, शून्य-शून्य. मैदानाच्या मध्यावर उंच बॉल आला. त्याच्यावर मी उडी मारली आणि चिंचतळाच्या विलास साळोख्यानंही मारली. विलास म्हणजे माझे दाजी, थोरल्या आक्काचा नवरा. आमच्याकडं दोन पेठांत सोयरीक होते, त्यानं मॅच काही थांबत नाही. दोघांची डोकी आपटली. दाजी खाली पडले. बॉल उडून व्हालेरियूच्या पायात गेला आणि पुढं नुसतं मोकळं रान. पंच बॉलमागं धावत होता. व्हालेरियूनं एक बॅक चुकवला, राहिला एकटा गोलकीपर. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. आणि तिथं तो थांबला, मागं वळून बघितलं आणि डाव्या पायानं बॉल सरळ रेषेबाहेर मारला. मग उलटा धावत दाजींपाशी आला, गुडघ्यावर बसला, त्यांच्या तोंडात बोटं घालून घशात गेलेली जीभ ओढून काढली. दाजींना स्ट्रेचरवरून नेलं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चिंचतळानं कॉर्नरवर गोल मारला.

तर आता तालमीत बापू विचारत होते.

"इचार त्याला, बॉल बाहेर का मारला?"

मी विचारलं. तो बोलला. मी सांगितलं, "तो म्हणतोय, माणूस मरायला लागला होता. त्यांच्याकडं असं झालं की बॉल बाहेर मारतात. तशी पद्धतच आहे."

"त्याच्या पाठीला डोळं हैत काय?" मागून कुणीतरी बोललं. "इलास पडला त्याच्या मागं शंभर फुटांवर. हा पळत होता गोलकडं. ह्याला दिसला कसा?"

माणसं हलली. बापूंनी हात वर केला. "बरोबर इचारलंय. इचार, दिसला कसा?"

मी विचारलं. व्हालेरियूनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग एकच वाक्य बोलला, हळू.

"तो म्हणतोय, त्याला जाणवलं," मी म्हणालो.

दोघं-तिघं हसले. ते हसू वाईट होतं.

"आणि गुरुवारी?" पुढं बसलेला एकजण म्हणाला. "गुरुवारी हा चिंचतळात जेवायला गेलता. इलास साळोख्याच्याच घरात. माझ्या मेव्हणीनं डोळ्यांनी बघितलंय. फायनलच्या आधी तीन दिवस तिथं काय काम होतं ह्याचं?"

गुरुवारी आक्काच्या बाळाचं जावळ होतं. बाळाला मांडीवर घेऊन बसायला मामा लागतो, म्हणून बापूंनी मला जायची परवानगी दिली होती. नाहीतर हंगाम संपेपर्यंत चिंचतळात पाऊल टाकायचं नाही, हा आमचा शिरस्ता.

बापू माझ्याकडं वळले. "दौलत, तू हुतास की तिथं. ह्याला कुणी बोलावलं?"

"मी जावळ झाल्या झाल्या निघालो, बापू," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

व्हालेरियूला एवढं मराठी कळत होतं. 'माहीत नाही' हे तर सगळ्यात आधी शिकला होता तो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो मारुतीकडं बघत होता.

 बापू वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. रागीट होते, पण न्यायाला पक्के. त्यांनी पुजाऱ्याला खूण केली. पुजाऱ्यानं ताट आणून व्हालेरियूसमोर ठेवलं. त्यात बेलाची पानं आणि भंडारा, बाकी काही नाही.

"त्याला सांग," बापू म्हणाले, "हा बेलभंडारा उचल. आणि देवासमोर बोल, कुणाच्या सांगण्यावरनं बॉल बाहेर मारला. का कुणाच्याच नाही. खरं बोलला तर मॅच गेली ती गेली. उद्या सकाळी गोव्याचं पत्र माझ्या सहीनं लिहून देतो. सगळी तालीम साक्षीला हाय."

मी ते सांगितलं. पत्राचं ऐकून व्हालेरियूचा चेहरा सैल पडला. त्यानं हात पुढं केला. ताटावर हात असतानाच त्यानं मला काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. त्यानं परत एक विचारलं. मी परत उत्तर दिलं.

त्यानं हात मागं घेतला.

"नाही," तो म्हणाला. मराठीत.

त्यानंतर कुणाला काही विचारायचं राहिलं नाही. निर्दोष माणूस बेलभंडारा नाकारत नाही, एवढं आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मागून शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी त्याच्या अंगावर धावून गेलं, त्याला बापूंनीच अडवलं. ते म्हणाले, "हात लावायचा न्हाई. पाव्हणा म्हणून आलाय, तसाच जाईल. सकाळच्या गाडीत बसवा. पत्र मिळायचं न्हाई. गोव्यानं इचारलं तर झालं ते सांगू." मग ते खाली बघत राहिले. पायातल्या चपला बहुतेक तेव्हाच त्यांच्या ध्यानात आल्या. तिथंच काढल्या, हातात घेतल्या आणि बाहेर गेले.

आता तो काय बोलला ते सांगतो.

'दिसला कसा' म्हटल्यावर तो म्हणाला होता, "तू ओरडलास, म्हणून मी वळलो."

मीच ओरडलो होतो. डोकं आपटून खाली आलो तर दाजींचे डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, पाय झाडत होते. तीन दिवसांपूर्वी त्यांच्या बाळाला मी मांडीवर घेतलं होतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून काढलं नव्हतं. "व्हाले, आउट! बॉल बाहेर मार! दाजी मरतोय!" एवढ्या गर्दीत ते त्याच्या एकट्याच्या कानावर गेलं, कारण सहा महिने तो माझ्याच हाकेवर खेळत होता. त्यानं पुढचा गोल बघितला नाही, की गोव्याचं पत्र बघितलं नाही. मी हाक मारली म्हणून तो थांबला. गुरुवारी जेवायलाही मीच बोलावलं होतं त्याला. आक्का म्हणाली होती, परदेशी माणूस आहे, घरचं गोडधोड खाईल.

आणि ताटावर हात धरून त्यानं विचारलं होतं, "हे काय आहे?"

मी म्हणालो, "देवाची शपथ. हातात घेतल्यावर खरंच बोलावं लागतं."

"मग मला तुझं नाव घ्यावं लागेल. घेऊ?"

आणि मी म्हणालो, "हात लावू नको. मला इथं जन्म काढायचाय. तू काय, जाणारच आहेस."

हे शब्द माझेच आहेत. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. माझ्या वडिलांचा फोटो मारुतीच्या उजव्या हाताला लावलेला आहे, लंगोटावरचा, तालमीचे मोठे पैलवान म्हणून. त्यांच्या पोरानं मेहुण्यासाठी फायनल सोडली, हे ऐकून माणसं तो फोटो उतरवतील, असं माझ्या मनात आलं. मी बापूंच्याच कारखान्यात लेथवर होतो, तेही आलं मनात. पुढच्या वर्षी कॅप्टन मीच होणार होतो, तेही. सगळं एका क्षणात आलं. खरं सांगू काय, मी कबूल केलं असतं तर बापूंनी दोन कानाखाली वाजवल्या असत्या आणि चार महिने बोलले नसते. फोटोही उतरला नसता. हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

सकाळी सहाला मी स्टँडवर गेलो. व्हालेरियू पणजीच्या गाडीशी उभा होता, एक बॅग आणि बुटांची पिशवी घेऊन. त्याला पोचवायला पेठेतलं कुणीही आलं नव्हतं. वालेरराव म्हणणारा एकही आवाज नव्हता.

"तुझे दाजी कसे आहेत?" हे त्यानं पहिलं विचारलं.

"शुद्धीवर आलेत. पेज प्यायले."

"छान."

"व्हाले, माझ्यामुळं—"

"ते झालं," तो म्हणाला. "मी पळालो असतो तर गोल झाला असता. फायनलचा. मग तुझा दाजी मेला असता आणि तो गोल मला कुणाला सांगता आला नसता." त्यानं बॅग गाडीत चढवली आणि परत खाली उतरला. "गोव्यात मी जाऊन सांगेन काय झालं ते. ते विश्वास ठेवणार नाहीत. मग मी तुझं नाव देईन. तालमीचा नंबर देतो, दुसरा माझ्याकडं नाही. ते तुला फोन करतील. तिथं माणसं नसतील, मारुती नसेल. तू आणि फोन. काय झालं तेवढं सांग. सांगशील?"

"सांगतो. आईशप्पथ सांगतो."

"शपथ नको," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. गोल चुकला की थोपटायचा, तसंच. गाडी गेली.

पुढचं सगळं नीट झालं. मी कॅप्टन झालो. चार वर्षांत दोनदा करंडक आणला, चिंचतळावर पाच गोल मारले, मिरवणुकीत मला खांद्यावर घेऊन नाचले. दाजी परत खेळले नाहीत, पण ठणठणीत आहेत. बाळाचं लग्न झालं गेल्या वर्षी. दर सणाला आक्का म्हणते, "तो माणूस देवासारखा धावला रे. कुठं असंल, काय खात असंल." दाजी म्हणतात, "मला एकच कळत न्हाई, मी त्याच्या पाठीमागं पडलो आणि त्याला कळलं कसं?" मी ताटातलं खात राहतो. बापू वारले. शेवटच्या दुखण्यात ते मला म्हणाले होते, "त्या गोऱ्याच्या बाबतीत आपलं काय चुकलं तर न्हाई ना, दौलत?" मी नाही म्हणालो.

एकदा मोबाइलवर त्याचं नाव शोधलं. त्यांच्या भाषेतलं एक पान सापडलं. जन्मसाल, गावाचं नाव, कुठल्या साली कुठल्या संघात, गोल एकशे बारा. देशासाठी खेळलेले सामने शून्य. त्याच्या खाली काही नव्हतं. गोवा नव्हतं, अकादमी नव्हती, आम्ही तर नव्हतोच.

फोन आला होता. तो गेल्यावर सतराव्या दिवशी. मी वाटच बघत होतो, रोज कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत तालमीच्या ऑफिसात येऊन बसायचो. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाठ केलं होतं. दुपारी दीडला घंटी वाजली. पलीकडचा माणूस मराठीत बोलत होता, आदबीनं.

"दौलत निकम आहेत का?"

"बोलतोय."

"व्हालेरियूनं तुमचं नाव दिलंय. तो म्हणतो, नेमकं काय घडलं ते तुम्ही सांगाल. आम्हाला माणूस ठेवायचाय हो, म्हणून विचारतोय. तुमच्या एका शब्दावर ठरेल."

मी कागद काढला. घडी उघडली. माझ्या अक्षरातली चार वाक्यं होती. पहिलं वाक्य 'मी ओरडलो' असं होतं.

"हॅलो? आहात ना?"

"खेळाडू चांगला आहे," मी म्हणालो. "बाकीचं तालमीला विचारा."

"तालमीचं म्हणणं आलंय आमच्याकडे. तो विकला गेला, असं ते म्हणतात. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. ते खरं आहे का?"

मी कागदाची घडी परत घातली. तो माणूस थांबून राहिला, घाई केली नाही त्यानं.

"तालीम म्हणते तर असेल," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आभार मानले आणि फोन ठेवला. ऑफिसात मी एकटाच होतो, आणि येतानाच मी दाराला आतून कडी घातली होती.